ली चांग-डोंग यांचे चित्रपट निवाडा का देत नाहीत?

कोरियन सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांना आधी 'पॅरासाइट' आणि त्याचे दिग्दर्शक बाँग जून-हो आठवतात, आणि सिनेमात थोडा अधिक रस असलेल्यांना पार्क चान-वूक यांचे सूडपट आठवतात. ली चांग-डोंग हे नाव त्या मानाने कमी कानांवर पडते. 1997 ते 2018 या काळात त्यांनी पूर्ण लांबीचे अवघे सहा चित्रपट दिग्दर्शित केले आणि त्यांतला एकही भव्य म्हणावा असा नाही. तरीही आपल्या काळातील जे थोडे दिग्दर्शक माणसाच्या अपराधाकडे न घाबरता आणि न चिडता पाहू शकतात, त्यांत मी त्यांना फार वरचे स्थान देतो. त्यांचे चित्रपट समजायला अवघड आहेत अशी तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. कथा कळते, पात्रे कळतात, पण चित्रपट संपल्यावर 'यातून आपण नेमके काय समजायचे?' हा प्रश्न उरतो. तो का उरतो, आणि तो उरावा यासाठी दिग्दर्शक पडद्यावर नेमके काय करतो, हे शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. चित्रपट पाहताना आपण सतत निवाडे करत असतो, पण ते आपण स्वतःच्या बुद्धीने करतो असे आपल्याला उगाचच वाटत असते. कोणाचा चेहरा जवळून दाखवायचा आणि कोणाला लांबच ठेवायचे, कोणाच्या दुःखावर संगीत वाजवायचे, कोणाचे बालपण आधी सांगायचे आणि कोणाचे मुळीच सांगायचे नाही, हे सगळे दिग्दर्शकाने आधीच ठरवलेले असते आणि त्या निवडींमधून आपली सहानुभूती कोणत्या दिशेने वाहणार हेही ठरून गेलेले असते. यात गैर काही नाही. कथा सांगण्याची ती जुनी आणि मान्य पद्धत आहे. ली चांग-डोंग यांनी मात्र या साधनांपैकी काही हेतुपुरस्सर बाजूला ठेवली आणि काही उलट्या दिशेने वापरली. त्यामुळे एरवी चित्रपट जे काम आपल्यासाठी करून टाकतो, ते त्यांच्या चित्रपटात आपल्या वाट्याला येते.

त्यांचा जन्म 1954 साली दक्षिण कोरियातील देगू शहरात झाला. त्यांनी कोरियन साहित्याचा अभ्यास केला, काही काळ शाळेत शिकवले आणि 1980 च्या दशकात कथा-कादंबरीकार म्हणून नाव मिळवले. चित्रपटात ते उशिरा आले. पार्क क्वांग-सू या दिग्दर्शकाबरोबर पटकथालेखन आणि साहाय्यक म्हणून काम केल्यानंतर 1997 मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी 'ग्रीन फिश' हा पहिला चित्रपट केला. पुढे 2003 ते 2004 या काळात ते देशाचे संस्कृतिमंत्रीही होते. साहित्याची ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे, पण त्यांच्या चित्रपटांत भाषणे किंवा सुभाषिते फारशी नाहीत. साहित्यातून त्यांनी आणला तो एक प्रश्न: ही गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली जाते आहे, आणि जो आता चौकटीत नाही त्याचे काय?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप 'पेपरमिंट कँडी' या दुसऱ्या चित्रपटात दिसते. ऑक्टोबर 1999 मध्ये बुसान चित्रपट महोत्सवाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला आणि 1 जानेवारी 2000 रोजी तो प्रदर्शित झाला. चित्रपटाची सुरुवात 1999 च्या वसंतात होते. नदीकाठी जुन्या कामगार मित्रांची सहल जमली आहे. वीस वर्षांनी भेटलेली ही मंडळी गात-नाचत असताना योंग-हो नावाचा एक मध्यमवयीन माणूस सुटाबुटात तिथे येतो, वेड्यासारखा वागतो, सगळ्यांचा विरस करतो आणि शेवटी रेल्वेपुलावर चढून समोरून येणाऱ्या गाडीला सामोरा जातो. 'मला परत जायचे आहे,' असे तो ओरडतो. त्यानंतर चित्रपट खरोखरच मागे जातो. सात प्रकरणांत, एकेक पायरी उतरत, तो 1999 पासून 1979 पर्यंत पोहोचतो. दोन प्रकरणांच्या मध्ये रेल्वेरुळांचे दृश्य येते. पहिल्यांदा पाहताना वाटते की गाडी पुढे चालली आहे. मग लक्षात येते की रस्त्यावरच्या मोटारी उलट्या धावत आहेत आणि माणसे पाठीमागे चालत आहेत, म्हणजे हे दृश्यच उलटे फिरवलेले आहे.

ही रचना समजून घ्यायची तर कोरियाचा त्या वीस वर्षांचा इतिहास थोडक्यात माहीत असायला हवा, कारण कोरियन प्रेक्षकाला जे एका सालावरून कळते ते आपल्याला कळत नाही. लष्करी बळावर सत्तेत आलेल्या आणि जवळपास अठरा वर्षे सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची 26 ऑक्टोबर 1979 रोजी हत्या झाली. त्यानंतरच्या पोकळीत चुन डू-ह्वान या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता हाती घेतली. मे 1980 मध्ये नैऋत्येकडील ग्वांगजू शहरात लोक या लष्करशाहीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा तिथे सैन्य पाठवून मोठा रक्तपात करण्यात आला. त्या घटनेविषयी कितीतरी वर्षे देशात उघडपणे बोलता येत नव्हते. 1980 च्या दशकात विद्यार्थी आणि कामगार कार्यकर्त्यांना पकडून त्यांचा छळ करणे हे पोलिसांचे नित्याचे काम झाले. जानेवारी 1987 मध्ये एका विद्यार्थ्याचा अशा छळात मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या प्रचंड आंदोलनानंतर थेट निवडणुकीचा मार्ग मोकळा झाला. पुढे भरभराटीची काही वर्षे आली आणि 1997 च्या अखेरीस आर्थिक संकट आले, ज्यात देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले आणि असंख्य लोकांचे धंदे व नोकऱ्या बुडाल्या.

योंग-हो या सगळ्यांतून गेलेला आहे. 1999 मध्ये त्याचा धंदा बुडालेला आहे, 1994 मध्ये तो पैसेवाला आणि उद्दाम आहे, 1987 मध्ये तो सराईतपणे छळ करणारा पोलीस आहे, 1984 मध्ये तेच काम नुकतेच शिकणारा नवखा आहे, 1980 मध्ये ग्वांगजूला पाठवलेला भेदरलेला सैनिक आहे, आणि 1979 मध्ये त्याच नदीकाठी रानफुलांकडे पाहणारा, या फुलांची छायाचित्रे काढावीत असे वाटणारा एक लाजाळू कामगार आहे.

हीच कथा सरळ क्रमाने सांगितली असती तर काय झाले असते, याचा विचार केला की दिग्दर्शकाची निवड कळते. आपल्याला आधी एक निष्पाप तरुण भेटला असता, आपण त्याच्या बाजूचे झालो असतो, आणि मग राज्यसत्तेने त्याला कसे बिघडवले हे पाहताना त्याच्या प्रत्येक दुष्कृत्याला आपल्या मनात सबब तयारच राहिली असती. उलट क्रमात आपण आधी एका अप्रिय, हिंसक आणि आत्मकेंद्री माणसाला भेटतो. त्याच्याविषयीचे आपले मत पक्के होते. कारणे नंतर येतात आणि ती इतक्या उशिरा येतात की केलेले कृत्य पुसून टाकण्याचे बळ त्यांच्यात उरत नाही, पण माणूस मुळातच असा होता असे म्हणण्याची सोयही ती आपल्याकडून काढून घेतात. समज वाढत जाते आणि माफी मात्र सोपी होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

शिवाय या रचनेमुळे लहान लहान गोष्टींचा अर्थ मागाहून फुटतो. 1994 च्या प्रकरणात योंग-हो एका उपाहारगृहात लहान मुलासह आलेल्या एका माणसाला भेटतो आणि त्याला म्हणतो, 'आयुष्य सुंदर आहे, नाही का?' ऐकताना वाक्य जरा विचित्र वाटते, समोरच्या माणसाचा चेहरा ताठरतो, आणि प्रसंग पुढे सरकतो. पुढच्या, म्हणजे सात वर्षे आधीच्या, प्रकरणात आपल्याला कळते की योंग-होने त्याच माणसाचा छळ केला होता आणि हे वाक्य त्या तरुणाच्या जप्त केलेल्या रोजनिशीतले होते. योंग-हो अस्वस्थ झाला की लंगडतो. ज्या गोळीमुळे हे होते ती त्याच्या पायाला कशी लागली, हे ग्वांगजूच्या प्रकरणात कळते. मृत्युशय्येवरील पहिल्या प्रेयसीने, सून-इमने, इतकी वर्षे जपलेला कॅमेरा तो किरकोळ पैशांत विकतो. तो कॅमेरा तिने त्याच्यासाठी का घेतला होता आणि त्याने तो परत का केला, हे आपल्याला 1984 मध्ये पोहोचल्यावर समजते. त्या भेटीत सून-इम त्याचे हात पाहून म्हणते की हे हात प्रेमळ आहेत. प्रेक्षकाला ठाऊक असते की त्याच हातांनी नुकताच एका माणसाचा छळ केला आहे. योंग-हो तिला उत्तर देत नाही. तो तिच्यादेखतच खाणावळीतल्या दुसऱ्या मुलीच्या अंगाला हात लावतो, म्हणजे आपण कोण झालो आहोत हे तो तिला कृतीने सांगतो आणि तिला कायमचे दूर करतो. काही मिनिटांच्या या प्रसंगात अपराधगंड, लाज आणि क्रौर्य एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की ते वेगळे काढता येत नाहीत. सोल क्युंग-गू यांचा अभिनय या प्रसंगात अजोड आहे.

'ओअ‍ॅसिस' (2002) या पुढच्या चित्रपटाविषयी माझे मन पूर्णपणे निःशंक नाही, आणि ते तसे सांगणे योग्य होईल. तुरुंगातून सुटलेला जोंग-डू आणि सेरेब्रल पाल्सी (शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणारा मेंदूचा विकार) असलेली गोंग-जू यांच्यातील संबंधांची ही कथा आहे. दोघांनाही त्यांच्या घरच्यांनी आपल्या सोयीसाठी वापरून घेतले आहे: जोंग-डूने ज्या अपघाताची शिक्षा भोगली तो प्रत्यक्षात त्याच्या भावाच्या हातून झाला होता, आणि गोंग-जूच्या नावावर मिळालेल्या चांगल्या घरात तिचा भाऊ राहतो आहे. पण या दोघांमधल्या ओळखीची सुरुवात जोंग-डूने तिच्यावर केलेल्या लैंगिक हल्ल्याने होते. तिथून प्रेमापर्यंतचा प्रवास चित्रपट ज्या विश्वासाने करतो, तो विश्वास प्रत्येक प्रेक्षकाने स्वीकारावाच असे मी म्हणणार नाही. तरीही चित्रपटाच्या उत्तरार्धातला एक प्रसंग दिग्दर्शकाचा विचार फार प्रखरपणे मांडतो. दोघांना त्यांच्या संमतीने एकत्र आलेले पाहून घरचे लोक बलात्काराचा आरोप करतात; पोलीस ठाण्यात गोंग-जूला खरे सांगायचे असते, पण ताणामुळे तिचे शरीर आखडते, शब्द फुटत नाहीत, आणि तिची ती तडफड पाहून भोवतालची सज्जन माणसे तिची कीव करतात. ज्या प्रसंगी खरोखर हल्ला झाला होता तेव्हा कोणी नव्हते आणि जेव्हा नव्हता तेव्हा सगळा समाज न्याय करायला हजर आहे. मून सो-री यांना या भूमिकेसाठी, आणि ली यांना दिग्दर्शनासाठी, व्हेनिस महोत्सवात गौरवण्यात आले.

'सीक्रेट सनशाइन' (2007) हा चित्रपट कादंबरीकार यी चोंग-जून यांच्या एका कथेवर आधारलेला आहे, आणि त्यातील तुरुंगातल्या भेटीचा प्रसंग हा ली यांच्या साऱ्या कामाचा गाभा मानता येईल. शिन-ए ही पियानो शिकवणारी तरुण विधवा सोल सोडून मिऱ्यांग या आपल्या दिवंगत नवऱ्याच्या गावी लहान मुलाला घेऊन राहायला येते. तिथे मुलाचे अपहरण होते आणि त्याचा खून होतो. खुनी पकडला जातो. रहस्य म्हणून त्याचे नाव ताणून धरण्यात दिग्दर्शकाला काही रस नाही. दुःखाने विदीर्ण झालेली शिन-ए एका प्रार्थनासभेत जाते, तिथे तिला पहिल्यांदा मोकळेपणाने रडता येते, आणि ती मनोभावे ख्रिस्ती धर्माकडे वळते. काही काळाने ती ठरवते की तुरुंगात जाऊन त्या माणसाला क्षमा करायची. काचेपलीकडे तो येतो. त्याचा चेहरा शांत, प्रसन्न आहे. तो सांगतो की मलाही देव भेटला, मी पश्चात्ताप केला, आणि देवाने मला क्षमा केली आहे. आता मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

शिन-ए बाहेर पडते आणि कोसळते. तिच्याकडे देण्यासारखी शेवटची गोष्ट क्षमा होती, आणि तिला न विचारता ती दुसऱ्याच कोणी देऊन टाकली होती. हा प्रसंग समजून घ्यायला ख्रिस्ती धर्मशास्त्र माहीत असण्याची गरज नाही. क्षमेचा अधिकार कोणाचा, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून अपराधी शांत होऊ शकतो का, हा प्रश्न कोणत्याही समाजात उभा राहतो. ज्या देशात हुकूमशाहीतील छळाचे सूत्रधार पुढे माफी मिळवून मोकळे फिरले, त्या देशात तर तो फारच जवळचा आहे. चुन डू-ह्वान यांना शिक्षा झाली आणि 1997 च्या डिसेंबरमध्ये माफी देऊन सोडण्यात आले. चित्रपटात याचा उल्लेख नाही, आणि मी केलेली ही जोडणी दिग्दर्शकाच्या माथी मारू इच्छित नाही. पण ग्वांगजूविषयी चित्रपट केलेल्या माणसाच्या कामात हा प्रश्न पुन्हा येतो याचे मला नवल वाटत नाही.

इथे दिग्दर्शकाने काय केले नाही, हे पाहण्यासारखे आहे. खुनी ढोंगी आहे असे सुचवणारा एकही इशारा नाही. कदाचित त्याला खरोखरच शांती मिळाली असेल, आणि तसे असेल तर प्रसंग अधिकच भयंकर होतो. चर्चमधली माणसे लबाड किंवा मूर्ख दाखवलेली नाहीत. ती साधी, मदतीला धावून येणारी, थोडी भोचक शेजारीण-शेजारी असावेत तशी आहेत. यांपैकी कोणालाही खलनायक केले असते तर आपला राग कुठे ठेवायचा हे आपल्याला कळले असते. तो ठेवायला जागा नसल्यामुळेच शिन-ए आकाशाकडे पाहून देवाशी भांडू लागते, आणि आपण तिच्याबरोबर त्या रिकाम्या आकाशाकडे पाहत राहतो. चित्रपटाचे पहिले दृश्यही मोटारीच्या काचेतून दिसणाऱ्या आकाशाचे आहे आणि शेवटचे दृश्य अंगणातल्या ओल्या, मळकट जमिनीवर पडलेल्या उन्हाचे. वरून खाली हा नजरेचा प्रवास चित्रपट कोणतेही स्पष्टीकरण न देता पूर्ण करतो.

याच चित्रपटात जोंग-चान नावाचा मोटार दुरुस्त करणारा एक साधा माणूस आहे. सोंग कांग-हो यांनी ती भूमिका केली आहे, तेच पुढे 'पॅरासाइट'मधले वडील झाले. शिन-ए त्याला जवळपास कधीच दाद देत नाही, पण तो तिच्या मागेमागे असतो, बहुतेक वेळा चौकटीच्या कडेला किंवा मागच्या बाजूला उभा. त्याला तिचे दुःख समजते असे नाही आणि ते दूर करण्याची त्याची कुवतही नाही. तो फक्त निघून जात नाही. जॉन दो-यॉन यांना शिन-एच्या भूमिकेसाठी फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि तो सर्वस्वी योग्य होता, पण सोंग कांग-हो यांच्या या मागे उभे राहण्याशिवाय तिचे एकटेपण इतके मोजून दिसले नसते, असे मला दर वेळी वाटते.

'पोएट्री' (2010) हा माझ्या दृष्टीने त्यांचा सर्वांत परिपूर्ण चित्रपट आहे. 66 वर्षांची मी-जा आपल्या शाळकरी नातवाला सांभाळते, अर्धांगवायू झालेल्या एका वृद्धाची शुश्रूषा करून थोडे पैसे मिळवते, आणि हौस म्हणून कवितेच्या वर्गात नाव घालते. तिथले शिक्षक सफरचंद हातात धरून सांगतात की तुम्ही आजवर सफरचंद खऱ्या अर्थाने पाहिलेलेच नाही. हे शिक्षक पडद्यावर साकारले आहेत किम योंग-थेक या खऱ्याखुऱ्या कवीने. वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाने एक कविता लिहायची आहे. त्याच सुमारास मी-जाला दोन गोष्टी कळतात: तिला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे आणि नामे आधी विसरली जातील; आणि नदीत जीव दिलेल्या एका शाळकरी मुलीवर सहा मुलांनी अनेक महिने अत्याचार केले होते, ज्यांत तिचा नातू होता.

बाकीच्या पाच मुलांचे वडील एका उपाहारगृहात जमतात. मृत मुलीच्या आईला तीन कोटी वॉन देऊन प्रकरण मिटवायचे, प्रत्येक घराचा वाटा पन्नास लाख, असा त्यांचा हिशेब आहे. ते आरडाओरडा करत नाहीत. ते व्यवहारी, नम्र, मुलांच्या भवितव्याची काळजी करणारे बाप आहेत. बोलणे चालू असतानाच मी-जा उठून बाहेर जाते आणि अंगणातली कोंबड्याची लाल फुले पाहत वहीत काहीतरी टिपू लागते. पुरुषांना वाटते म्हातारी भ्रमिष्ट आहे. आपल्यालाही क्षणभर तिचा राग येतो: मुलगी मेली आहे आणि ही फुले कसली पाहते? परंतु हळूहळू कळते की शिक्षकांचे पाहण्याविषयीचे वाक्य सगळ्या वर्गात तिनेच मनावर घेतले आहे, आणि नीट पाहायला शिकलेल्या माणसाला हव्या तेवढ्याच गोष्टी पाहता येत नाहीत. फुलापासून सुरू झालेली तिची नजर मुलीच्या छायाचित्रावर जाते, शाळेतल्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर जाते, पुलावर जाते, नदीवर जाते. सौंदर्याचा शोध तिला थेट अत्याचाराच्या जागी घेऊन येतो.

मुलीच्या आईला भेटून तिचे मन वळवण्याची जबाबदारी बाई म्हणून मी-जावर टाकली जाते. ती शेतावर जाते, वाटेत पडलेली जर्दाळू उचलून चाखते, शेतात काम करणाऱ्या आईशी त्या फळांविषयी, हवेविषयी, पिकाविषयी मोकळेपणाने गप्पा मारते आणि निरोप घेऊन निघते. काही पावले गेल्यावर तिला आठवते की आपण कशासाठी आलो होतो. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो, पण ती मागे वळत नाही. हे विसरणे आजारामुळे झाले की मनाने ते काम नाकारले, हे चित्रपट सांगत नाही, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. मी-जाची भूमिका यून जॉन-ही यांनी केली. 1960 आणि 1970 च्या दशकांतल्या त्या मोठ्या तारका. सोळा वर्षांच्या खंडानंतर त्या या चित्रपटासाठी परतल्या, आणि त्यांचे खरे नावही मी-जा होते. या चित्रपटाच्या पटकथेला कान महोत्सवात पुरस्कार मिळाला.

'पोएट्री'त पार्श्वसंगीत नाही. वर ज्या साधनांचा उल्लेख केला, त्यांतले सर्वांत प्रभावी साधन दिग्दर्शकाने इथे पूर्णपणे टाकून दिले आहे. पोलीस नातवाला घेऊन जातात तो प्रसंगच पाहावा. रात्री गल्लीत आजी आणि नातू बॅडमिंटन खेळत आहेत, मोटार थांबते, दोन माणसे उतरतात, एक जण मुलाला बाजूला घेतो आणि दुसरा त्याची रॅकेट उचलून मी-जाबरोबर खेळू लागतो. कोणी रडत नाही. पोलिसांना कोणी कळवले हेही सांगितलेले नाही, मात्र त्या आधी तिने नातवाला न्हायला लावले आहे, त्याची नखे कापली आहेत, हे आपण पाहिलेले असते. कर्तव्य आणि माया यांतले एक निवडण्याचा प्रसंग म्हणून कोणी ते नाट्यमय केले असते. मी-जा दोन्ही करते आणि त्याची पूर्ण किंमत मोजते.

आठ वर्षांनी आलेला 'बर्निंग' (2018) हा हारुकी मुराकामी यांच्या एका कथेवर आधारित आहे आणि प्रेक्षकांना सर्वाधिक गोंधळात टाकणारा तोच आहे. पाजू या उत्तर कोरियाच्या सीमेजवळच्या भागात, जिथे पलीकडच्या प्रचाराचे भोंगे ऐकू येतात, तिथे जोंग-सू हा बेरोजगार, लेखक होऊ पाहणारा तरुण राहतो. त्याची मैत्रीण हे-मी, आणि तिच्या बरोबर आलेला बेन हा श्रीमंत, हसतमुख, काय काम करतो ते कोणालाच नीट माहीत नसलेला तरुण, अशी ही तिघांची कथा आहे. बेन एकदा सांगतो की तो दोन महिन्यांतून एकदा एखादे पडीक हरितगृह जाळतो. मग हे-मी नाहीशी होते.

चित्रपटाच्या सुरुवातीला हे-मी मूकाभिनयाने संत्रे सोलून खाऊन दाखवते आणि त्याची युक्ती सांगते: इथे संत्रे आहे असे मानायचे नाही, इथे संत्रे नाही हे विसरायचे. यानंतर चित्रपटात अशा कितीतरी गोष्टी येतात ज्या आहेत की नाहीत हे ठरत नाही: कधीच न दिसणारे मांजर, एकाच्या मते असलेली आणि दुसऱ्याच्या मते नसलेली विहीर, न जळलेली हरितगृहे. बेनच्या घरात हे-मीचे वाटावे असे घड्याळ सापडते. तो पुरावा आहे की योगायोग? 'पेपरमिंट कँडी'त कारणे उशिरा मिळत होती. इथे ती मिळतच नाहीत, आणि तरीही जोंग-सू निवाडा करतो आणि तो अमलातही आणतो. ज्याच्याजवळ काही नाही अशा तरुणाला ज्याच्याजवळ सगळे आहे असा माणूस गुन्हेगारच वाटावा, हे स्वाभाविक आहे. त्याचे वाटणे खरे आहे की नाही, हे त्याला आणि आपल्याला कळायला मार्ग नाही. बेनला खुनी समजून चित्रपट पाहिला तर प्रत्येक प्रसंग जुळतो. निर्दोष समजून पाहिला तरीही प्रत्येक प्रसंग जुळतो. असे दुहेरी विणकाम किती कठीण असते, हे पटकथा लिहिणाऱ्याला विचारावे. होंग क्युंग-प्यो यांच्या छायाचित्रणातले, तिन्हीसांजेच्या खऱ्या उजेडात टिपलेले हे-मीचे नृत्य या चित्रपटाचा मध्यबिंदू आहे, आणि उजेड कमी होत जाताना तिची आकृती हळूहळू केवळ छाया उरते.

हे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, असे विचारले तर 'बर्निंग'पासून सुरुवात करू नये असे मी सांगेन, जरी तो सर्वांत सहज उपलब्ध होत असला तरी. त्यातली अनिश्चितता आधीच्या कामाशिवाय कोड्यासारखी वाटते आणि माणूस कोडे सोडवण्यातच गुंतून पडतो. 'पोएट्री' आधी पाहावा. त्याची गती संथ आहे, पण कथा सरळ रेषेत जाते आणि मी-जाचा हात धरून प्रेक्षक कुठेही हरवत नाही. त्यानंतर 'पेपरमिंट कँडी' पाहावा, आणि शक्य असल्यास तो संपल्यावर पहिली वीस मिनिटे लगेच पुन्हा पाहावीत. नदीकाठी आलेला तो असह्य माणूस तोवर आपल्या ओळखीचा झालेला असतो आणि त्याच्या प्रत्येक हालचालीचा उगम आपल्याला ठाऊक असतो. 'सीक्रेट सनशाइन' मन खंबीर असेल अशा दिवशी पाहावा, आणि शक्यतो एकट्याने पाहू नये.